पुसलेली कलमं

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

डॉक्टरांनी वही ठेवायला लावली. रोज सकाळी रक्तदाब मोजून लिहायचा आणि ज्या दिवशी जास्त येईल त्या दिवशी काय घडलं तेही लिहायचं. मी सातवी शिकलेला माणूस. पुस्तकं विकण्यात चाळीस वर्षं गेली, पण स्वतःच्या चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. आज १७० आणि १००. काय घडलं ते लिहितो.

काल दुकानात एक द्राक्षबागेचा मालक आला. डाव्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, या सगळ्या सीड्या किलोवर द्या. मला आधी बरं वाटलं. त्या भिंतीवर साडेचारशे कौटुंबिक चित्रपट आहेत, गेल्या दोन वर्षांत त्यातले चार विकले गेले. मी विचारलं, एवढे बघायला घरी मशीन आहे का? तो हसायला लागला.

"बघायच्या न्हाईत काका, बागेत टांगायच्यात. उन्हात चमकल्या की पाखरं येत न्हाईत."

मी त्याला दुकानातून घालवून दिलं. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघायला लागला इतका माझा आवाज चढला. 

दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, 'कौटुंबिक चित्रपट व व्यावसायिक पुस्तके'. पुस्तकं माझी, चित्रपट आदिनाथचे. आदिनाथ म्हणजे माझा मुलगा. त्याने प्रत्येक सीडीच्या कव्हरवर मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने शेरा मारून ठेवलाय. 'रडका', 'लई रडका', 'शेवट गोड', 'आईसोबत बघा'. गिऱ्हाईक कव्हर उलटं करून शेरा वाचायचं आणि मग घ्यायचं. अंबड रस्त्याला अपघात होऊन तो गेला त्याला तीन वर्षं झाली. आता मी ते काचेच्या कपाटात लावून ठेवलेत. पाखरांना घाबरवायला देणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

१६५, १००.

उजव्या भिंतीचा राग आज लिहितो. उजवीकडे पुस्तकं. वकिलीची, नर्सिंगची, हिशेबनिसाची, इंजिनिअरिंगची. धंदा जुन्या पुस्तकांचा. परीक्षा संपली की पोरं पुस्तकं आणून देतात, मी घेतो, पेन्सिलीचं सगळं पुसतो, कोपरे सरळ करतो, कव्हर घालतो आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना देतो. आधी खोडरबर, मग शिळ्या पावाचा गर, मग मऊ फडकं. माझ्या हातचं पुसलेलं पुस्तक कोणी आधी वापरलंय हे ओळखू येत नाही. ही एक विद्या मला येते.

आणि सरकारने काय केलं? मागच्या जुलैपासून फौजदारी कायदाच बदलला. चारशे वीस म्हणजे फसवणूक हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आता म्हणे ते तीनशे अठरा. पाचशे अकरा कलमांची तीनशे अठ्ठावन्न केली. माझ्या उजव्या भिंतीवरची दोन फळ्या पुस्तकं एका सहीत रद्दी झाली. ज्याने सही केली त्याने कधी एक पुस्तक तरी पुसलं असेल का?

आमची सून दैवशाला वकिलीची परीक्षा गेल्या वर्षी पास झाली. आता जज्जाच्या परीक्षेला बसते आहे. दिवसा एका वकिलाकडे हाताखाली काम करते. ऑगस्टात तिने मला विचारलं होतं, मामा, नव्या कायद्यांचा संच मिळंल का. मी सांगितलं, नवा करकरीत संच घेऊन आपण काय करणार, खून तो खून आणि चोरी ती चोरी, आकडे तेवढे बदललेत, जुन्यावरच पेन्सिलीने नवे टाक. ती बरं म्हणाली. पुन्हा काही मागितलं नाही. मी चांगलाच सल्ला दिला होता.

२ मार्च, रविवार

दाब मोजला नाही. मोजायची गरज नाही.

सकाळी दैवशाला मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना फोनवर बोलत होती. मी ऐकायला गेलो नव्हतो, मोरीकडे गेलो होतो. ती सांगत होती, निवड झाली तर कुठं का टाकेनात, आकांक्षा माझ्यासंगच राहील, तिथल्याच शाळेत घालीन.

आकांक्षा माझी नात. आठ वर्षांची. रोज शाळा सुटली की थेट दुकानात येते, गल्ल्यामागे बसून गृहपाठ करते आणि डाव्या भिंतीवरचे शेरे मोठ्याने वाचते.

मी उषाबाईला म्हटलं, सून पोरीला घेऊन जायच्या तयारीत आहे. उषाबाई माझी बायको. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मंग काय जन्मभर तुमच्या गल्ल्यामागं बसवायची का पोरगी?"

हे मी चित्रपटात शंभर वेळा पाहिलंय. सून शिकते, पेटी उचलते, नातवंड मागे वळून बघतं आणि सासरा ओट्यावर बसून राहतो. ते बघताना दरवेळी मला रडू आलंय. आदिनाथच्या वेळी आलं नाही. ते राहूनच गेलं.

दिवसभर कोणाशी धड बोललो नाही. नर्सिंगच्या एका पोरीला पुस्तक उलटसुलट चाळलं म्हणून बोललो. ती न घेताच गेली. जाऊ दे.

६ मार्च, गुरुवार

आज एक बरी गोष्ट झाली. एका मोठ्या वकिलांचा कारकून आला. त्याला जुन्याच कायद्याची पुस्तकं हवी आहेत. मी म्हटलं, आता ती कोणाला लागतात? तर तो म्हणाला, जुलैच्या आधी घडलेले गुन्हे जुन्याच कलमांनी चालणार, असे खटले अजून पाच-दहा वर्षं चालतील. एक भारतीय दंड संहिता, एक फौजदारी प्रक्रिया, आणि घरगुती कायद्याचं एक पुस्तक. तिन्ही मराठीतली. अट एकच, आत काही गिरवलेलं नको, साहेब ते पुस्तक न्यायाधीशांसमोर उघडतात.

मी सोमवारी या म्हटलं. दुकानातल्या मराठी प्रती बघितल्या तर सगळ्यांना कसर लागलेली. घरात मागच्या खोलीत जादा माल असतो, तिथे बघीन.

९ मार्च, रविवार

दाब १५०, ९०. इतका खाली बऱ्याच दिवसांनी आला. कामाने येतो.

दैवशाला पोरीला घेऊन परवा धावड्याला माहेरी गेली, भाच्याचं जावळ आहे. घर शांत होतं. मागच्या खोलीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात हवी होती ती तिन्ही पुस्तकं सापडली. पण आत बघतो तर पानापानावर पेन्सिल. आकडे, बाण, समासात बारीक अक्षरात ओळीच्या ओळी. एक पान कोरं ठेवलं नव्हतं. कोण्या पोराने एवढं गिरवून आमच्या गळ्यात मारलं, याचा राग आला. आणि आपण घेताना बघितलं कसं नाही, याचाही.

अक्षर बारीक, सरळ, मात्रा मागे लांब ओढलेल्या. अशा मात्रा कुठेतरी पाहिल्यात असं एकदा वाटलं. पण चष्मा दुकानात राहिला होता. पुसायला चष्मा लागत नाही.

दोन दिवस बसलो. दोन खोडरबर संपले, पावाची एक लादी गेली. उषाबाईने स्वयंपाकघरातून विचारलं काय चाललंय, मी म्हटलं दुकानाचं काम. काल संध्याकाळी तिसरं पुस्तक संपलं तेव्हा मान अशी धरली होती की वळेना. पण काम असं झालंय की वकिलांच्या बापालाही कळणार नाही.

१० मार्च, सोमवार

१८६, ११०. गोळी दोनदा घेतली.

ती पुस्तकं दैवशालाची होती.

सकाळी नवाच्या गाडीने मायलेकी आल्या. मी तिन्ही पुस्तकांना कव्हर घालत बसलो होतो. आकांक्षाने एक उघडलं, पानं उलटली आणि म्हणाली, आबा, आईचं कुठं गेलं? मला कळेना. दैवशाला पिशवी खाली न ठेवता तशीच आली. पुस्तक हातात घेतलं. मधलं एक पान उघडलं, मग दुसरं. मग दुसरं पुस्तक. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. तिने फक्त एवढं विचारलं.

"मामा, तुम्हाला माझं अक्षर वळखू येत न्हाई का?"

मी म्हटलं, दुकानाच्या कपाटात घरची पुस्तकं ठेवतं का कोणी? नाव का नाही घातलं? मी काय अंतर्ज्ञानी आहे का? आणखीही बरंच बोललो. ती केरसुणी घेऊन आली आणि चटईवर पडलेला खोडरबराचा चुरा झाडायला लागली. तो भरपूर होता. सुपलीत भरून घेतला आणि बाहेर नेऊन टाकला. मग कपडे बदलून कामावर गेली.

कारकून दुपारी आला. मी त्याला पुस्तकं नाहीत म्हणून सांगितलं. तो चिडला. मीही चिडलो.

१२ मार्च, बुधवार

उषाबाई बोलत नाही. चहा आकांक्षाच्या हातून पाठवते, कप अर्धा सांडलेला येतो. आज जेवताना मी म्हटलं, अगं, माणसाच्या हातून चूक होते. तर भाकरी ताटात टाकत म्हणाली,

"पोराचं अक्षर काचेच्या कपाटात ठेवलं. सुनेचं पावानं पुसलं."

मी ताटावरून उठलो. कोणी थांबवलं नाही. थोड्या वेळाने भूक लागली तर भाकरी झाकून ठेवलेली होती, पण ठेचा नव्हता. हे तिने मुद्दाम केलंय.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दुकान बंद. दैवशालाच्या वर्गातला बुद्धभूषण आला होता. तोही त्याच परीक्षेला बसतो आहे. मला तो पोरगा आधीपासून आवडत नाही, फार हसतो. आज हसत नव्हता. दैवशाला घरात नव्हती, म्हणून माझ्याजवळ बसला आणि मला काय काय सांगत राहिला. नव्या कायद्यांचा संच त्याच्याकडे आहे. गेले सात महिने दर रविवारी दोन तास तो संच दैवशालाला देत होता. ती जुन्या प्रत्येक कलमासमोर नवं कलम लिहायची, काय बदललं, काय गाळलं, काय नवीन घातलं तेही. कारण आकडेच नाही तर मजकूरही बदललाय. आता परीक्षेला सहा आठवडे राहिलेत आणि त्याला स्वतःला ते पुस्तक लागतं, रोज देता येणार नाही.

मी म्हटलं, एवढं होतं तर तिने नवा संच विकत का घेतला नाही, आम्ही काय नको म्हणालो होतो?

तो म्हणाला, "काका, ती म्हणाली व्हती, मामांनी जुन्यावरच लिही म्हणून सांगितलंय."

तो गेल्यावर ही वही उघडली. १८ फेब्रुवारीचं वाचलं. माझ्याच हाताने लिहिलंय. ते पान फाडणार होतो. फाडलं नाही, कारण मागच्या बाजूला दाबाचे आकडे आहेत आणि डॉक्टर बघतात.

दैवशाला आता काहीच वाचत नाही. कामावर जाते, येते, स्वयंपाक करते. पुस्तकं कव्हर घातलेली, तशीच चटईवर पडलीत. तिने सोडून दिली परीक्षा, तर दोष कोणाला? सगळे माझ्याकडेच बघणार. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी, एक क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे डॉक्टरांनी वाचू नये.

१७ मार्च, सोमवार

झोप लागत नाही, म्हणून उजाडताच दुकान उघडलं. पूर्वेकडून ऊन शटरखालून आडवं येतं, थेट फरशीवरून. पुस्तकं मी पिशवीत घालून आणली होती, कशासाठी ते माहीत नाही. एक पान त्या आडव्या उन्हात धरलं.

दैवशालाचा हात जड आहे. पेन्सिल कागदात रुतते. शिसं गेलं पण खाच बाकी आहे. पान जरासं तिरपं केलं की आकडे दिसतात, चष्मा लावून, डोळा जवळ नेऊन. चाळीस वर्षं पुसताना मला हे ठाऊक होतं, म्हणून तर मी पावाचा गर वापरतो, खाच झाकायला. पण हिची खाच पावानेही भरली नाही.

दोन तासांत बारा पानं गिरवली. चारशे वीससमोर तीनशे अठरा. तीनशे एकोणऐंशीसमोर तीनशे तीन. जिथे दिसलं नाही तिथे अंदाजाने घातलं. दुपारी ती घरी जेवायला आली तेव्हा पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. मला वाटलं, आता तरी.

तिने बघितलं. एका पानावर बोट ठेवलं. खुनाच्या शिक्षेसमोर मी एकशे आठ लिहिलं होतं, पाहिजे होतं एकशे तीन. एकशे आठ म्हणजे आत्महत्येला लावणं. म्हणाली, चुकीचं असण्यापेक्षा कोरं बरं होतं मामा, कोरं असल्यावर माणूस शोधतो तरी.

मला इतका राग आला की मी ते पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं. बारा पानं डोळे फोडून केली. मग खोडरबर घेतला आणि अंदाजाने घातलेले आकडे तिच्यासमोर एकेक पुसले. जे पक्के दिसले होते तेवढेच ठेवले. ती बघत उभी राहिली. निघताना म्हणाली, उद्या किती वाजता ऊन येतं?

३० मार्च, रविवार

पाडवा. १५८, ९६.

रोज साडेसहा ते आठ बसतो. मी पान तिरपं धरतो, जे दिसतं ते वाचतो, ती लिहून घेते. जे दिसत नाही त्याची यादी करते आणि रविवारी बुद्धभूषणच्या पुस्तकातून भरते. पहिलं पुस्तक संपलं, दुसरं अर्धं झालं. कामाशिवाय बोलणं होत नाही. ती वाचा म्हणते, मी वाचतो. मला शब्द अडतात. दखलपात्र, तडजोडपात्र, असे शब्द मी चाळीस वर्षं विकले, तोंडाने कधी म्हटले नव्हते. चुकलो की ती दुरुस्त करते, हसत नाही.

काल मी विचारलं, जज्ज झाल्यावर कोर्टात सगळे ओरडतात त्याचा त्रास होणार नाही का. म्हणाली, कोर्टात कोणी ओरडत न्हाई मामा, तारीख घेतात आन् जातात. एवढे चित्रपट विकले, हे मला ठाऊक नव्हतं.

ढगाळ असलं की काम बंद. मग दिवसभर मी आभाळावर चिडतो.

३ एप्रिल, गुरुवार

१८०, १०८. वाचून कोणी हसू नये.

आज दैवशालाला लवकर जायचं होतं. मी एकटाच बसलो. तिसरं पुस्तक घेतलं, घरगुती कायद्याचं. त्यात कलमं बदललेली नाहीत, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. मध्ये एक कलम आहे, एकोणीस. नवरा मेल्यावर सुनेला स्वतःचं पोट भरता येत नसेल तर वडिलोपार्जित जमिनीच्या उत्पन्नातून तिला सांभाळणं सासऱ्यावर बंधनकारक आहे. त्याच्याच समासात खाच होती, आकड्यांची नाही, ओळीची. पान तीनदा फिरवलं तेव्हा लागली.

'आष्टी, साडेतीन एकर, वडिलोपार्जित. आदिनाथचा हिस्साही आहे. मामांकडे मागायचं नाही.'

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भीती वाटली. म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे. मग पुन्हा वाचलं तेव्हा संताप आला. मागायचं नाही म्हणजे काय? मी काय दारात आलेल्याला हाकलणारा माणूस आहे? माझ्या जमिनीवर मला न विचारता माझ्याच घरात बसून ठरवलं? मागून तर बघायचं. मी नाही म्हटलं असतं तर मग लिहायचं.

मी काय म्हटलं असतं, याचा दिवसभर विचार केला. उत्तर आलं ते इथे लिहीत नाही.

७ एप्रिल, सोमवार

आष्टीला जाऊन आलो. उषाबाईला सांगितलं नाही. तिकडची शेती माझा धाकटा भाऊ पुंजाराम बघतो, अर्धं त्याचं, अर्धं माझं. त्याला सांगितलं, आदिनाथचा जो काही हिस्सा निघतो तो दैवशाला आणि आकांक्षाच्या नावावर करायचाय, तलाठ्याकडे चल.

पुंजाराम खाटेवर पाय पसरून बसला होता. चहा आणला होता. म्हणाला, "दादा, तुझं डोकं ठिकाणावर हाय ना? उद्या ती जज्जीण व्हईल, दुसरं घर करील. मंग तिचा नवा नवरा आपल्या वावरात उभा राहील. तू काय करून राह्यला?"

बशी माझ्या हातातून त्याच्या धोतरावर गेली. गेली म्हणजे मी टाकली. गरम होती. तो उडाला. मी उठून उभा राहिलो आणि त्याला बोललो ते सगळं गल्लीने ऐकलं. बाईमाणसाबद्दल असं बोलायला लाज वाटत नाही का, ती आपली पोरगी आहे, वगैरे.

परत येताना एसटीत आठवलं. त्याने बोललेलं शब्द न् शब्द मीच मनात बोललो होतो, तीन वर्षांत कितीतरी वेळा. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्याला मारावंसं वाटलं.

९ एप्रिल, बुधवार

पुंजारामने दैवशालाला फोन केला. मला वाटलं होतं ती काही बोलणार नाही, बरं वाटलं तरी दाखवणार नाही. सकाळी दुकानात आली ती पुस्तक न घेताच आली. शटरपाशी उभी राहिली. तिला असं चिडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते.

"मी मागितलं व्हतं का?"

मी म्हटलं, तू लिहिलं होतंस. मागायचं नाही म्हणून लिहिलं होतंस. म्हणून देतोय.

"ते मी माझ्यासाठी लिहिलं व्हतं, मामा. तुम्ही पुसलं, मंग उकरून वाचलं, मंग गावभर केलं. आता जमीन देऊन राह्यले. जमीन दिल्यानं सात महिने परत येतेत का?"

  मी म्हटलं, सुकाळीच्या, मी करू तरी काय. ही शिवी तिला नव्हती, आभाळाला होती, पण तिच्या समोर तोंडातून गेली.  ती म्हणाली, परीक्षा झाल्यावर बोलू, कागदावर सही करू नका. आणि आत येऊन बसली. दुसऱ्या पुस्तकाचं एकशे चाळिसावं पान काढलं.

"वाचा."

मी वाचलं.

२१ एप्रिल, सोमवार

दुसरं पुस्तक संपलं. तिसऱ्यातलं सगळं गिरवलं, फक्त कलम एकोणीसचा समास सोडला. तिने विचारलं नाही. ऊन आता लवकर चढतं, आडवं फार वेळ राहत नाही. आमचं काम वेळेत झालं म्हणायचं. उषाबाई आता बोलते, पण टोमण्यातच. काल म्हणाली, सिनेमातला सासरा व्हायची हौस होती, झालात बाई एकदाचे.

२८ एप्रिल, सोमवार

दाब मोजला नाही.

काल परीक्षा झाली. केंद्र संभाजीनगरला होतं. आकांक्षा आईला सोडेना, म्हणून मीही गेलो. फाटकावरच्या शिपायाने मला झाडाखालून उठवलं, म्हणाला पालकांनी रस्त्याच्या पलीकडे थांबायचं. मी म्हटलं, मी पालक नाही, सासरा आहे. तो म्हणाला, मंग तर आणखी लांब थांबा. मी त्याच्याशी भांडलो. आकांक्षाने हात धरून पलीकडे नेलं.

दोन तासांनी दैवशाला बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी धीर करून विचारलं, आपण उन्हात वाचलेलं काही आलं का. म्हणाली, बरंच आलं.

"चुकलं काय?"

"दोन चुकले वाटतं. तुमचे न्हाईत. माझेच."

परतीच्या गाडीत जागा मिळाली. आकांक्षा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. करमाड मागे गेलं. दोन महिने जे गिळत आलो ते मला आणखी गिळता येईना. विचारलं, पास झालीस तर पोरीला घेऊन जाशील का?

 ती खिडकीतून बघत होती. बदनापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, माणसं चढली, उतरली, गाडी पुन्हा सुटली.

"जाईन, मामा."

मी मान हलवली. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. मग तीच पुढे बोलली, खिडकीकडेच बघत, हळू.

"मार्चात धावड्याहून येताना ठरवून आल्ते. तुम्हाला अन् मामींना विचारायचं, संगं येता का म्हणून. घरी आले तर तुम्ही कव्हरं घालीत बसलेले."

 आता विचारशील का, असं मला म्हणायचं होतं. ते तोंडाशी आलं आणि राहिलं. राग आला होता. या वेळी कोणावर आला ते मला नीट कळलं, म्हणून कोणाशी भांडलो नाही.

जालना येईपर्यंत पाय बधिर झाला होता. पोर जागी होईल म्हणून हलवला नाही.